एल्डन रिंग: काय जमलं, काय बिघडलं, आणि आपल्याकडं खेळताना काय सांभाळावं

गोदाकाठ – नांदेड

एल्डन रिंग हा व्हिडिओ गेम आता नवा राहिला नाही. २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, त्या वर्षीचा 'गेम ऑफ द इयर' घेऊन गेला, २१ जून २०२४ ला 'शॅडो ऑफ द अर्डट्री' ही पुरवणीही आली. तरी सेकंडहँड डिस्का हातोहात फिरायल्यात आणि "घेऊ का? लई अवघड आहे म्हणतात" हा प्रश्न काही थांबत नाही. म्हणून हा धागा. नुसतं 'भारी' किंवा 'फालतू' लिहू नका. काय, कुठं आणि का ते लिहा. शेवटच्या बॉसचं गुपित फोडू नका.

सुरुवात मीच करतो. या गेमची मोठी जमेची बाजू म्हणजे समोर दिसला तो शत्रू मारलाच पाहिजे, ही सवय तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो. गुहेतून बाहेर आलं की सोनेरी चिलखतातला घोडेस्वार, ट्री सेंटिनल, गस्त घालत असतो. भिडलात तर दोन-तीन फटक्यांत आडवे. वळसा घालून चर्च ऑफ एलेहला गेलात तर गेम काहीच म्हणत नाही. तिथं काले नावाच्या व्यापाऱ्याकडून ३०० रून्सचं (रून्स म्हणजे गेममधलं चलन) क्राफ्टिंग किट घ्यायचं, पुढं गेटफ्रंटच्या शिळेपाशी नकाशाचा तुकडा, तिथल्याच तळघरात व्हेटस्टोन नाइफ. ग्रेसवर, म्हणजे विसाव्याच्या जागी, टॉरेंट घोडा मिळाला की सगळा मुलूख मोकळा. ज्याच्याशी आज जमत नाही त्याच्याकडं आठ दिवसांनी जा, कुणी अडवत नाही.

आता खोट. लेंडेल राजधानीपर्यंत पंगतीत दर वेळी नवा पदार्थ येतो. त्यापुढं माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्समध्ये उरलेलंच परत वाढतात. अर्डट्री अवतार तोच, अल्सरेटेड ट्री स्पिरिट तोच, थडग्यांच्या भुयारांतल्या भिंती त्याच. फक्त शत्रूचा मार दुपटीनं वाढवलेला. नकाशा अर्ध्यावर आणून संपवला असता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं.

खुलताबादी – छत्रपती संभाजीनगर

पंगतीचं पटलं. पण स्टॉर्मव्हेल किल्ल्याबद्दल एक अक्षर न लिहिता पुढं कसे गेलात?

ज्यानं देवगिरी नीट पाहिलाय त्याला स्टॉर्मव्हेल लगेच कळतो. देवगिरीला शत्रूला सरळ वाट दिसते ती फसवी. खंदक, मग अंधारी, त्यात वळणं अशी की आत शिरलेल्याला दिशाच कळू नये. इथंही तेच. मुख्य दरवाजा उघडून सरळ गेलात तर समोर मोठे बाण फेकणारी यंत्रं रोखलेली. दरवाजाशेजारी गोस्टॉक नावाचा माणूस उभा असतो, तो सांगतो की डावीकडच्या भगदाडातून जा. सल्ला खरा, माणूस खोटा. तुम्ही आत मेलात की पडलेल्या रून्सचा काही हिस्सा तोच लांबवतो. त्या वाटेनं कड्याच्या कडेकडेनं, तटावरून, छपरांवरून जावं लागतं. दोन तास फिरून एक दार उघडावं तर ते नेमकं सुरुवातीच्या ग्रेसपाशी निघावं, असं बांधकाम या गेमात पाच-सहा ठिकाणी आहे. त्या ठिकाणांसाठी बाकीचं सगळं माफ.

एक तक्रार माझीही. नकाशा सपाट आहे. जमिनीखालच्या नद्यांचा नकाशा वेगळा दिसतो, पण किल्ल्यात तुम्ही कोणत्या मजल्यावर आहात हे कधीच कळत नाही. खूण दिसते ती डोक्यावर की पायाखाली, हे स्वतःच शोधा.

तेरणाकाठ – धाराशिव

मालक लोकहो, मार्गिट या बॉसपाशी अडकायलंय. व्हॅगाबॉन्ड जातीचं पात्र, लेव्हल २२, लाँगसोर्ड +१, फ्लास्क (जीव भरायची कुपी) जशी मिळाली तशीच. अजून दहा लेव्हल वाढवून येऊ का?

सळई – जालना

लेव्हल नको. लोखंड बघा. जालन्यात राहून हे सांगितलं नाही तर पाप लागेल.

या गेमात माराची ताकद लेव्हलपेक्षा हत्याराच्या घडणीतून जास्त येते. साध्या हत्याराला +१ करायला स्मिदिंग स्टोन १ जातीचे २ दगड, +२ ला ४, +३ ला ६, म्हणजे १२ दगडांत +३. चर्च ऑफ एलेहच्या ऐरणीवर +३ पर्यंतच होतं. पुढचं काम राउंडटेबल होल्ड या तळावरचा लोहार ह्यूग करतो. दगड लिमग्रेव्ह (सुरुवातीचा मुलूख) टनल्समध्ये भरपूर आहेत, अगील तळ्याच्या उत्तरेला. भिंतीत चमकणारी खडी दिसली की खणायची.

पुढचा हिशोब तोच: प्रत्येक जातीचे २, ४, ६. आठ जाती, +२४ पर्यंत ९६ दगड, आणि +२५ ला एकच एन्शंट ड्रॅगन स्मिदिंग स्टोन. खास हत्यारांना सोंबर जातीचे दगड लागतात. प्रत्येक पायरीला फक्त एक, आणि +१० ला संपलं. इथंच गेमची खोट दिसते. साधं हत्यार बदलून बघायचं म्हणजे पुन्हा शंभरेक दगड. नवखा माणूस तीन तलवारी अर्ध्या-अर्ध्या घडवतो आणि तिन्ही बोथट. उपाय असा की खाणीतल्या बॉसना मारून बेल बेअरिंग आणायची. पहिली राया लुकारिया क्रिस्टल टनलमध्ये. ती राउंडटेबलच्या ट्विन मेडन हस्क्स या विक्रेत्यांना दिली की १ आणि २ जातीचे दगड विकत मिळायला लागतात. गेम हे तोंडानं कुठंच सांगत नाही.

आता व्हिगर, म्हणजे जीव वाढवणारा गुण. आकडे बघा म्हणजे पटेल. व्हिगर १५ ला जीव ५२२, २५ ला ८००, ४० ला १४५०, ६० ला १९००, आणि ९९ ला फक्त २१००. म्हणजे २५ ते ४० या १५ पायऱ्यांत ६५० मिळतात आणि ६० ते ९९ या ३९ पायऱ्यांत जेमतेम २००. साठावर थांबायचं. गोदाकाठ म्हणतात तो डोंगरावरचा "दुपटीचा मार" बहुतेकांना लागतो तो व्हिगर २५-३० वर ठेवून वर गेल्यामुळं. पण पुढं व्हिगरशिवाय चालणार नाही हे सांगायचं काम गेमचं होतं, ते त्यानं केलं नाही, हेही तितकंच खरं.

तेरणाकाठ, फ्लास्कचं आधी बघा. वीपिंग पेनिन्सुलात फ्लास्कची ताकद वाढवणारे तीन सेक्रेड टिअर आहेत: चर्च ऑफ पिल्ग्रिमेज, कॅलू बाप्टिझमल चर्च आणि फोर्थ चर्च ऑफ मारिका. लिमग्रेव्हच्या थर्ड चर्चमध्ये चौथा, शिवाय तिथंच फिजिकची कुपी. चारही घेतले की फ्लास्क +४. वर जाता येतं ते +१२ पर्यंत. गोल्डन सीडनं घोट वाढतात, ४ पासून १४ पर्यंत, त्याला एकूण ३० बिया लागतात.

तेरणाकाठ – धाराशिव

म्हणजे मी मोकळ्या हातानंच भिडायलो होतो म्हणा की. दगड गोळा करतो. पण तो काठी वर नेऊन थांबतो त्याचं काय? मी रोल मारून झाल्यावर काठी येते.

बिंदुसरा – बीड

तो थांबलेला फटका मुद्दाम घाई करणाऱ्याला पकडण्यासाठीच आहे. दोन गोष्टी.

पहिली, गोल बटण दाबल्यावर रोल होत नाही, सोडल्यावर होतो. कारण तेच बटण दाबून धरलं तर पळणं होतं, म्हणून गेमला तुम्ही बोट उचलेपर्यंत वाट बघावी लागते. घाबरून बटण घट्ट दाबणारा माणूस दर वेळी उशिरा रोल करतो आणि 'गेम ऐकत नाही' म्हणतो. टिचकी मारल्यासारखं दाबून सोडा. दुसरी, काठी वर गेली तिकडं बघू नका, खांद्याकडं बघा. खांदा खाली यायला लागला की सोडा, आणि मागं नाही, त्याच्या अंगाकडं रोल मारा. मागं गेलात तर काठीच्या टोकात सापडता.

वजनही बघा. एकूण क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत असलात तर हलका रोल, ७० च्या आत मध्यम, त्यापुढं जड. ७०.१ झाला तरी धोंडा. व्हॅगाबॉन्डवर एखादी जड ढाल चढवली की हे होतं. शिरस्त्राण काढून बघा.

टीव्हीवर 'गेम मोड' चालू आहे का? चित्र सुंदर करायच्या नादात टीव्ही उशीर लावतो, आणि मग दोष मार्गिटला.

फ्लास्क त्याच्या समोर पिऊ नका. तुम्ही घोट घेताय हे बघूनच तो सोनेरी सुरे फेकतो. गॉडस्किन नोबलही असंच करतो, आगीचा गोळा टाकतो. शत्रू समोरच्या हालचालीला नाही तर बटणाला उत्तर देतो, ही या गेमची मला न पटलेली गोष्ट. पिणं नेहमी त्याचा फटका संपल्यावर किंवा खांबाआड.

खुलताबादी – छत्रपती संभाजीनगर

आणि पॅचेस नावाच्या माणसाचं विसरलात. मर्कवॉटर केव्हमध्ये त्याला जिवंत सोडलं तर ५,००० रून्सला मार्गिट्स शॅकल विकतो. पहिल्या टप्प्यात ती दोनदा मार्गिटला जमिनीवर खिळवते. धुक्याच्या दारापाशी रॉजिअर या पात्राची सोनेरी खूणही असते, त्याला मदतीला बोलवा.

सळई – जालना

मग खेळलं कुणी, तुम्ही की रॉजिअरनं?

खुलताबादी – छत्रपती संभाजीनगर

गेमनं दिलंय ते वापरायला लाज कसली. मदतीला आत्मे (स्पिरिट अ‍ॅशेस) बोलवायची घंटा चर्च ऑफ एलेहमध्ये एक चेटकीण स्वतः हातात देते, त्यात लांडगे फुकट. ज्या बॉसचे तीन-चार फटके सलग येतात त्याला दुसरीकडं बघायला लावणारं कुणीतरी असावं म्हणूनच स्पिरिट अ‍ॅशेस बनवल्यात. माझी तक्रार उलटी आहे. मिमिक टिअर (तुमचीच प्रतिमा) बोलावली, ६६० जीव दिला, की निम्मे बॉस पाणी पितात. न बोलावता गेलं तर तेच बॉस भिंत. मधली पातळी कुठं आहे? बॉसचं माप कुणाला धरून ठरवलं, तेच कळत नाही.

मांजराकाठ – लातूर

मारामारीवर सगळे बोलायलेत, कथेवर कुणीच नाही. कारण ती कुणाला सापडलीच नसणार.

दिग्दर्शन हिदेताका मियाझाकींचं, जगाचा पूर्वेतिहास जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी लिहिलेला. इतिहास उत्तम आहे, पण तो तलवारींच्या आणि तावीजांच्या वर्णनांत विखुरलाय. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी आणि तीही जुन्या वळणाची. खाटेवर बसून लांबचा टीव्ही बघणाऱ्याला ते वाचता येत नाही. मराठी सोडा, हिंदी उपशीर्षकंही नाहीत.

त्याहून वाईट म्हणजे पात्रांची कामं. यादी नाही, वही नाही. मार्च २०२२ च्या १.०३ पॅचनं भेटलेल्या पात्रांच्या खुणा नकाशावर आणल्या, म्हणजे त्याआधी तेवढंही नव्हतं. रॅनीचं काम घ्या. कॅरिया मॅनरच्या मागं थ्री सिस्टर्स मनोऱ्यात ती भेटते. ब्लाइड, इजी, सेलुव्हिस तिघांशी बोलायचं. रादान या बॉसला हरवल्यावर तारा पडतो, मिस्टवुडजवळ खड्डा होतो, त्यातून नोक्रॉन या जमिनीखालच्या नगरीत जायची वाट. तिथलं फिंगरस्लेअर ब्लेड आणून द्यायचं. इथवर ठीक. मग रेनाज राइजमधल्या दारातून आइन्सेल रिव्हर मेन, तिथं एक छोटी बाहुली सापडते. पुढं काय? ग्रेसवर बसायचं, 'टॉक टू मिनिएचर रॅनी' निवडायचं. ती गप्प. पुन्हा निवडायचं. गप्प. तिसऱ्यांदा बोलते. मुकी बाहुली तीनदा हलवून बघ, असं कुणाच्या डोक्यात येईल? ही पायरी गाळली की पुढची साखळी अडते, आणि ही साखळी म्हणजे गेमचा एक वेगळा शेवट आहे.

नव्यांसाठी एक सावधगिरी. फारुम अझुलामधल्या मालिकेथ या बॉसला मारलं की लेंडेल राखेत जातं आणि जुनं शहर परत मिळत नाही. त्याआधी तिथलं सगळं उरका, बोल्ट ऑफ ग्रान्सॅक्स हा भाला तर नक्कीच उचला.

गोदाकाठ – नांदेड

मांजराकाठ, कामांबद्दल १०० टक्के सहमत. पण वर्णनांत विखुरलेला इतिहास मला आवडतो. शिलालेख तुकड्यातुकड्यांत वाचावा तसं आहे ते. अक्षर मात्र मोठं करता यायला हवं होतं.

पूर्णा – परभणी

लाईट गेली तर सेव्हचं काय होतं? आमच्याकडं दुपारची लाईट भरवशाची नाही. आणि पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर घ्यावा की पीएस५ साठी थांबावं?

बिंदुसरा – बीड

एकेक घेतो.

सेव्ह: गेम सतत स्वतःच सेव्ह करत असतो, प्रत्येक पात्राची एकच फाईल, मागं जायची सोय नाही. गेम आला तेव्हा पीएस५ आवृत्तीत काही परिस्थितीत प्रगती नीट सेव्हच होत नव्हती, विशेषतः कन्सोल रेस्ट मोडमध्ये असताना वीज गेली तर. २ मार्च २०२२ च्या पॅचनं ते दुरुस्त केलं. म्हणून जुनी डिस्क घातली की पॅच आधी उतरवा, मग खेळा. रेस्ट मोडवर सोडून जाऊ नका. सिस्टीम मेनूतून क्विट गेम करून मगच कन्सोल बंद करा. पीएस४ ची सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येते. पीएस५ ची तशी सुटी काढता येत नाही, क्लाउडला वर्गणी लागते.

इन्व्हर्टर: खेळताना पीएस५ साधारण २०० वॉट घेतो, वर टीव्ही. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस पाच-दहा मिनिटं धरतो, तेवढ्यात ग्रेसवर जाऊन बाहेर पडता येतं. घरचा इन्व्हर्टर असेल तर साइनवेव्ह बघून घ्या. चौकोनी लहरीच्या जुन्या इन्व्हर्टरवर कन्सोल लावायची जोखीम नको.

चित्र: मूळ पीएस४ वर ३० फ्रेम्स आणि मेल्यानंतरचं लोडिंग लांबलचक. वीस वेळा मरायचं असेल तर ते लांबलचक फार लागतं. पीएस५ वर लोडिंग काही सेकंदांत. पण पीएस५ आवृत्तीचा फ्रेम रेट मोड ६० वर टिकत नाही, मोकळ्या रानात ४५ पर्यंत खाली येतो. व्हीआरआरचा (फ्रेम रेटशी जुळवून घेणारा) टीव्हीसुद्धा ४८ च्या खाली मदत करत नाही. यावरचा जुगाड असा: पीएस४ ची डिस्क घ्या. तिच्यावर पीएस५ आवृत्ती फुकट मिळते, आणि पीएस५ वर पीएस४ आवृत्तीही चालवता येते. ती चालवली तर गवत थोडं विरळ दिसतं पण ६० जवळजवळ पक्के. पीएस४ ची सेव्ह नंतर पीएस५ आवृत्तीत नेता येते, उलटं नाही. पीएस५ ची डिस्क घेतलीत तर हा रस्ता बंद. मार्च २०२३ मध्ये रे ट्रेसिंग (प्रकाश-सावली खरी दाखवायचं तंत्र) आलं, ते बंदच ठेवा.

विरामाचं बटण नाही, हीही खोट. ऑफलाइन असाल तर ऑप्शन्स, मग टचपॅडनं हेल्प, त्यात मेनू एक्स्प्लेनेशन उघडा. ते उघडं असेपर्यंत गेम थांबतो. दारात कुणी आलं तर एवढंच.

पूर्णा – परभणी

पीएस४ डिस्कचं लई कामाचं सांगितलंत. दुकानदार 'नाइटरेन' घ्या म्हणतोय, नवा आहे म्हणून. तोच आहे का?

खुलताबादी – छत्रपती संभाजीनगर

नाही. एल्डन रिंग नाइटरेन मे २०२५ चा वेगळा गेम आहे, तिघांनी मिळून छोट्या फेऱ्या खेळायचा. मोकळा मुलूख पाहिजे असेल तर तो नाही.

मित्राबरोबर मूळ गेम खेळायचा विचार असेल तर तेही ऐकून ठेवा. दोघांनी सारखा पासवर्ड टाकायचा, एकानं जमिनीवर खूण काढायची, दुसऱ्यानं फर्लकॉलिंग फिंगर रेमेडी वापरून बोलवायचं. बोलावलं की घोडा बंद, काही सीमांवर धुकं, आणि बॉस मेला की मदतनीस परत आपल्या जगात. पुढच्या बॉसला पुन्हा सगळं पहिल्यापासून. वर बोलावलेलं असताना परका माणूस घुसखोरी करू शकतो. एकटे खेळत असाल तर तो ताप नाही.

कयाधू – हिंगोली

पुरवणीबद्दल दोन ओळी, कारण लेव्हल १५० घेऊन जाऊन पहिल्याच भागात मरणारे फार.

आत जायला रादान आणि मोग हे दोन्ही बॉस मेलेले पाहिजेत. मोगकडं जायचा जवळचा रस्ता व्हॅरे या पात्राच्या कामातून. आधी त्यासाठी ऑनलाइन घुसखोरी करावी लागायची, १.०६ पॅचपासून नेटशिवायही होतं. पुरवणीत तुमची लेव्हल दुय्यम, खरी ताकद स्काडुट्री ब्लेसिंगची. एकूण ५० तुकडे, २० पायऱ्या, आणि त्याचा परिणाम फक्त त्याच मुलखात. तुकडे मिकेलाच्या क्रॉसपाशी, मारिकाच्या पुतळ्यांपाशी, आणि डोक्यावर मडकं घेतलेल्या सावल्यांकडं. बॉस जड वाटला की लढायचं सोडा आणि तुकडे हुडका. कल्पना चांगली, पण तुकडे शोधायला नकाशाचे रिकामे कोपरे धुंडाळावे लागतात आणि त्यांतल्या निम्म्या कोपऱ्यांत दुसरं काहीच नाही.

मलेनिया या मूळ गेममधल्याच बॉसबद्दलही इथंच. ती प्रत्येक लागलेल्या फटक्यावर जीव भरून घेते, ढालीवर झेलला तरी. सळई भाऊंच्या जड ढालीच्या मंडळींनी तिथं ढाल खाली ठेवावी.

सळई – जालना

ढाल खाली ठेवतो, पण दोन्ही हातांनी तलवार धरतो. दोन हातांनी धरलं की ताकद दीडपट मोजतात. ५४ ला ८१. ८० च्या पुढं तसाही फायदा विरळ होतो, म्हणून ५४ वर थांबून उरलेल्या पायऱ्या व्हिगरला. आणि हो, चूक झाली तर राया लुकारियात रेनाला या बॉसला हरवल्यावर एका लार्व्हल टिअरमध्ये सगळे आकडे नव्यानं वाटून मिळतात.

तेरणाकाठ – धाराशिव

तलवार +३, फ्लास्क +४, शिरस्त्राण काढलं. मार्गिट मेला. आता आत गेल्यावर गोस्टॉक डावीकडं जा म्हणतोय, जाऊ का मुख्य दरवाजानं?

खुलताबादी – छत्रपती संभाजीनगर

डावीकडं जा. आणि आत शिरण्याआधी रून्स खर्चून घ्या.